उच्च प्रतीच्या युरेनियम खाणीची उभारणी : या चुका टाळा

झारखंडमधील जादुगुडाच्या खनिजात युरेनियमचे प्रमाण ०.१ टक्क्याहूनही कमी आहे; कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतातल्या सिगार लेक येथे ते सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास जाते. तरीही १९८१ मध्ये सापडलेल्या या साठ्याचे उत्पादन सुरू व्हायला २०१४ उजाडले, आणि या विलंबाला पाण्याचा मोठा हातभार लागला.

पहिली आणि सर्वांत महागडी चूक म्हणजे कोरड्या दिसणाऱ्या खडकावर विसंबणे. येथील खनिज सुमारे ४५० मीटर खोल, पाण्याने भरलेला वालुकाश्म आणि त्याखालचा प्राचीन कठीण खडक यांच्या सांध्यावर आहे, आणि तिथे पाण्याचा दाब वातावरणाच्या जवळजवळ ४५ पट असतो. ऑक्टोबर २००६ मध्ये, तोवर कोरड्या असलेल्या भागातच दरड कोसळली आणि सारी खाण पाण्याखाली गेली. म्हणून भुयार पुढे नेण्यापूर्वी चाचणीची छिद्रे घ्यावीत, खनिजाचा भाग शून्याखालच्या तापमानाचे खारे पाणी नळ्यांतून खेळवून गोठवावा, आणि पंपांची क्षमता रोजच्या झिरप्यावरून न ठरवता सर्वांत वाईट प्रसंगावरून ठरवावी. पंपांवर वाचवलेला पैसा इथे वाचत नाही, असे माझे ठाम मत आहे.

बुडालेली खाण उपसतानाही घाई नडते. पहिली गळती जमिनीवरून छिद्रे पाडून काँक्रीटने बुजवली, तरी ऑगस्ट २००८ मध्ये ४२० मीटरच्या पातळीवर दुसरीकडून पाणी फुटले आणि उपसा थांबवावा लागला. खाण रिकामी झाली ती फेब्रुवारी २०१० मध्ये. पंप चालू असूनही पातळी उतरेनाशी झाली, तर आणखी पंप लावण्याआधी पाण्याची दुसरी वाट शोधावी.

हवेतील रेडॉन, म्हणजे युरेनियमच्या खनिजातून निघणारा किरणोत्सारी वायू, एकाएकी वाढला, तर केवळ पंख्यांची तपासणी करून थांबू नये. खनिजातून झिरपलेल्या पाण्यात तो विरघळलेला असतो आणि भुयारातील हवा लागताच बाहेर पडतो. त्यामुळे हे पाणी उघड्या गटारातून न नेता बंद नळांतूनच न्यावे.

इतक्या तीव्र खनिजाजवळ माणसांकडून नेहमीच्या पद्धतीने काम करून घेणे तर सर्वस्वी अयोग्य. सिगार लेकमध्ये कामगार खालच्या कठीण खडकातील भुयारात असतात. तिथून वर घातलेल्या यंत्राचा अतिउच्च दाबाचा जलझोत गोठलेले खनिज कापतो आणि त्याचा गाळ नळांतून खाली येतो.