रात्री किनाऱ्यावर कासवीण दिसल्यास काय करावे

गोव्यातील मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथील किनाऱ्यांवर साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालण्यासाठी येतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत या प्रजातीचा समावेश असल्याने अंडी उचलणे हा गुन्हा आहे.

कासवीण पाण्यातून वर येताना दिसली, तर आहात तिथेच थांबावे आणि टॉर्च व मोबाईलचा फ्लॅश बंद करावा, कारण खड्डा खणण्यापूर्वी उजेड किंवा हालचाल जाणवल्यास ती अंडी न घालताच परत फिरते. ती गेल्यावर वाळूत उमटलेली रुंद माग पुसू नये. वनखात्याच्या कर्मचाऱ्यांना घरट्याची जागा त्यावरूनच सापडते. त्यांना ताबडतोब कळवावे, आणि ते येईपर्यंत कुत्र्यांना दूर ठेवावे. अंडी स्वतः हलवू नयेत, कारण ती उलटीपालटी झाल्यास आतला गर्भ मरू शकतो.

सुमारे 45 ते 60 दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात आणि क्षितिजावरच्या उजेडाच्या दिशेने सरपटतात. शॅकचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या उपाहारगृहांचे, दिवे समुद्राहून अधिक उजळ असतील, तर ती उलट दिशेने, थेट रस्त्याकडे जातात. म्हणून शॅकवाल्यांनी समुद्राकडचे दिवे मालवावेत आणि रात्री खाटा, खुर्च्या आत घ्याव्यात. पर्यटकांची थोडी कुरकुर होईल, ती सोसावी. वाळूत केलेले खड्डेही बुजवावेत, कारण वीतभर खोल खड्ड्यातूनही पिल्लाला वर चढता येत नाही.