डेस्कटॉप असेंबल करताय? पार्ट निवडताना या चुका टाळा

सगळं जोडून झालं, बटण दाबलं, पंखे फिरले, रंगीत लाइट लागले आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. अशा वेळी पहिला संशय मदरबोर्डावर येतो. बऱ्याचदा बोर्डाचा काही दोष नसतो, घोळ खरेदीच्या यादीतच झालेला असतो. एकेक पार्ट सुटा बघितला तर उत्तम, पण शेजारच्या पार्टाशी त्याचं जमत नाही.

उदाहरणार्थ इंटेलचा आय५-१२४००एफ. शेवटच्या ‘एफ’चा अर्थ एवढाच की या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवणारा भाग, नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर बोर्डाच्या मागचं एचडीएमआय पोर्ट नुसतं शोभेचं. एएमडीच्या रायझन ५ ५६०० चंही तेच, ५६००जी मध्ये मात्र ग्राफिक्स असतं. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) ७६०० मध्ये ते आहे, ७५००एफ मध्ये नाही. ‘कार्ड दिवाळीला घेऊ, तोवर असंच चालवू’ असा बेत असेल तर एफवाला घेऊच नका. उलटाही प्रकार होतो: कार्ड बसवलेलं असतं आणि मॉनिटरची केबल सवयीने बोर्डाच्या पोर्टात जाते. केबल कार्डाच्या पोर्टातच लावायची.

सॉकेट जुळलं, तरी पुढे बघा

इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटवर १२वी, १३वी आणि १४वी अशा तिन्ही पिढ्या बसतात. बसतात म्हणजे चालतात असं नाही. दुकानात पडून असलेल्या एच६१० किंवा बी६६० बोर्डाचा बायोस (मशीन सुरू करणारं, बोर्डातच साठवलेलं सॉफ्टवेअर) जुना असेल तर त्याला १४व्या पिढीचा प्रोसेसर ओळखू येत नाही. एएम५ च्या बी६५० बोर्डावर रायझन ९००० मालिकेतला प्रोसेसर टाकतानाही हीच अडचण येते.

बोर्डाला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर जुना प्रोसेसर न लावता अपडेट होतं. दुसऱ्या मशीनवर बोर्डाच्या नेमक्या मॉडेलची बायोस फाइल उतरवा. नावातलं एक अक्षर बदललं की बोर्ड वेगळा, हे लक्षात ठेवा. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा आणि मॅन्युअलमध्ये दिलंय तेच नाव फाइलला द्या. बोर्डाला २४ पिनी आणि ८ पिनी पॉवर जोडा, खूण केलेल्या यूएसबी पोर्टात पेनड्राइव्ह लावा आणि बटण तीनेक सेकंद दाबून धरा. लाइट लुकलुकत राहतो, पाच ते दहा मिनिटांत थांबतो. मधे वीज गेली तर सगळं मुसळ केरात, म्हणून हे काम यूपीएसवरच करा. बटण नसेल तर बिल होण्याआधीच दुकानदाराकडून अपडेट करून घ्या. नंतर तो ‘करतो’ म्हणतो आणि आठवडा जातो.

दुसरा सापळा रॅमचा. बी७६० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात, आणि कित्येकदा नावात फरक असतो तो फक्त ‘डी४’ एवढाच. एएमडीच्या सॉकेटांत एएम४ म्हणजे डीडीआर४, एएम५ म्हणजे डीडीआर५, तिथे पर्याय नाही. दोन्ही स्टिकना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. स्टिक बसत नाही म्हणून जोर लावला तर स्लॉट तडकतो.

आणि एच६१० वर ‘के’ प्रोसेसर, म्हणजे नावाच्या शेवटी ‘के’ असलेला इंटेलचा प्रोसेसर, लावू नका. स्वस्त बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर बऱ्याचदा हीटसिंकही नसतो. पाच मिनिटं सगळं झकास चालतं, अर्ध्या तासाच्या व्हिडिओ रेंडरमध्ये तो भाग तापतो आणि प्रोसेसरचा वेग उतरतो. शिवाय एच६१० वर ‘के’चं ओव्हरक्लॉकिंगही (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) होत नाही, म्हणजे ‘के’साठी मोजलेले जास्तीचे पैसे वाया.

रॅम

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकल्यामुळे एकाच स्टिकवर भागवायचा मोह होतो. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काम चालवणार असाल तर तो आवरा. त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं, आणि एका स्टिकवर त्याला निम्मीच वाट मिळते. १६ जीबीच्या एका स्टिकपेक्षा ८ च्या दोन बऱ्या. चार स्लॉटच्या बोर्डावर त्या सलग स्लॉटमध्ये न लावता प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा.

‘आत्ता दोन, पुढच्या वर्षी अजून दोन’ हा हिशोब डीडीआर४ वर बरा जमायचा, डीडीआर५ वर जमत नाही. रायझन ७००० ला दोन स्टिकवर रॅमचा अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. त्यामुळे लागेल तेवढी रॅम एकाच दोन स्टिकच्या किटमध्ये घ्या.

बॉक्सवर ६००० लिहिलेलं असलं तरी ती आपोआप त्या वेगाने चालत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम बॉक्सवरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करेपर्यंत ६००० चा किट बहुधा ४८०० वरच रांगतो, आणि कित्येक मशीन वर्षानुवर्षं तसेच चालतात. एएम५ वर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची चाचणी घेतो. तेव्हा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. घाबरून बटण दाबलंत तर चाचणी पहिल्यापासून सुरू होते. दहा मिनिटं हात मागे ठेवा.

एसएमपीएस: इथेच पैसे वाचवले जातात, आणि इथेच जातात

एसएमपीएस म्हणजे सगळ्या पार्टांना वीज पुरवणारं युनिट. त्याच्या बॉक्सवर ठळक अक्षरात ‘४५० वॅट’ असतं. तो आकडा सोडा आणि एसएमपीएसच्या अंगावर चिकटवलेला तक्ता वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टच्या ओळीवर जगतात. त्या ओळीत १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट, बाकीचे वॅट कागदावरचे. चांगल्या ४५० वॅटच्या युनिटमध्ये तिथे ३६-३७ अँपिअर दिसतात.

आता गरज मोजा. आय५-१२४००एफ जास्तीत जास्त ११७ वॅट, आरटीएक्स ४०६० चे ११५, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नासेक. झाले २८० च्या आसपास. याला खरोखरचा ५५० वॅटचा एसएमपीएस ऐसपैस होतो. इथे ८५० वॅटचा घेणंही चूकच, ते पैसे कार्डात घाला. ‘८० प्लस’चा शिक्का फक्त विजेची बचत सांगतो. शॉर्टसर्किट किंवा जास्त व्होल्टेज झाल्यावर युनिट स्वतःला किती लवकर बंद करेल, याचं उत्तर त्यात नसतं.

मॉड्युलर (केबली सुट्या निघणारा) एसएमपीएस बदलताना जुन्या केबली तशाच ठेवून नवं युनिट बसवायचा आळस महागात पडतो. केबलचं बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाची जुळणी कंपनीगणिक आणि कधी मॉडेलगणिक बदलते. साटा केबल (ड्राइव्हला वीज देणारी) चुकली की पाच व्होल्टच्या जागी बारा जातात आणि ड्राइव्ह डेटासकट जळतो. तसंच प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिनी केबल दिसायला सारखी असली तरी दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात. पहिली ४ अधिक ४ अशी सुटते, दुसरी ६ अधिक २ अशी. प्लग सहज जात नसेल तर तो तिथला नाही.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? टेस्टर लावून बघा, मंद पेटेल. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन कपॅसिटर असतात, एक फेजकडून अर्थला आणि एक न्यूट्रलकडून अर्थला. अर्थिंग नसेल तर पत्रा या दोघांच्या मधोमध लटकतो आणि त्यावर साधारण ११५ व्होल्ट येतात. करंट अगदी थोडा असतो, पण चालू मशीनला एचडीएमआय किंवा यूएसबी लावताना पोर्ट उडायला तेवढा पुरू शकतो. नवा एसएमपीएस आणून हे जाणार नाही. तीन पिनांचं दोन पिनांचं करणारा तो दहा रुपयांचा अडॅप्टर फेका आणि वायरमनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.

यूपीएसचा आकडाही फसवा. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. वरच्या मशीनला मॉनिटर जोडला की ३१० च्या पुढे गेलातच, बॅटरी वर्षाची झाली की ऐन गेममध्ये वीज गेल्यावर सगळंच बंद. तिथे १००० ते ११०० व्हीएचा घ्या, आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावू नका.

उष्णता

इंटेलच्या ‘के’ आणि रायझनच्या बहुतेक ‘एक्स’ मॉडेलांसोबत कूलर येत नाही, त्याचे पैसे आधीच धरा. टॉवर कूलर घेण्याआधी कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची बघा. १५५ मिलिमीटरचा कूलर अरुंद कॅबिनेटमध्ये बसला तरी बाजूची काच लागत नाही. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहून गेली की प्रोसेसर बायोसमध्येच नव्वदी गाठतो. इंटेलच्या बॉक्समधल्या कूलरच्या चार पिना बोर्ड उलटा करून मागून तपासा, एक अर्धवट राहिली तरी तेच.

परीक्षणातलं तापमान बहुधा वातानुकूलित खोलीतलं असतं. २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारा प्रोसेसर मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडच्या ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या आसपास जातो. म्हणून पुढून बंद काच असलेलं कॅबिनेट दिसायला कितीही देखणं असो, जाळीचं घ्या.

जुनं ते ‘आय७’

‘आय७, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स’ असा स्वस्त संच दिसला की पिढी विचारा. आय७-२६०० हाही आय७ च, पण २०११ चा. विंडोज ११ ला इंटेलची किमान ८वी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची सोय) लागतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यातलं ‘४ जीबी’ कार्ड बहुधा जीटी ७३० निघतं. ते २०१४ चं आहे आणि ५६००जी मधलं फुकटचं ग्राफिक्स त्याच्यापेक्षा वेगवान आहे. मेमरीच्या आकड्यावरून कार्डाचा वेग कळत नाही. ५६००जी घेऊन पुढे कार्ड टाकणार असाल तर हेही बघा: तो कार्डाशी पीसीआय एक्सप्रेस ३.० या जुन्या, कमी वेगाच्या जोडणीवरच बोलतो. आरएक्स ६५०० एक्सटीसारखं चारच लेनचं (डेटाच्या चारच वाटांचं) कार्ड त्यावर अडखळतं.

एसएसडीत ‘एम.२’ हा फक्त आकार. त्याच आकारात सेकंदाला ५५० एमबी वेगाचा साटा ड्राइव्हही असतो आणि ३५०० च्या पुढचा एनव्हीएमईही. काही बोर्डांवर एम.२ भरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो, जुनी हार्ड डिस्क ‘दिसत नाही’ तेव्हा आधी मॅन्युअल उघडा.

तरीही स्क्रीन काळी?

बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतील तर कोणता अडकलाय ते बघा. सीपीयू म्हणजे बहुधा ८ पिनी केबल किंवा बायोस. डीरॅम म्हणजे एकच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन्ही बाजूंनी टक्‌ आवाज येईपर्यंत दाबून. व्हीजीए म्हणजे कार्डाची पॉवर. बूटवर थांबला तर आनंद माना, फक्त विंडोज टाकायचं राहिलंय. दिवे नसतील तर वीज तोडून बोर्डावरचा बटणासारखा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा. तरीही नाही, तर बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा, प्रोसेसर, कूलर आणि एक स्टिक एवढ्यावर चालवा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही जोडा. बाहेर चाललं आणि कॅबिनेटमध्ये नाही, तर बहुधा जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो कॅबिनेटमधला पितळी खुंट) बोर्डाला मागून टेकतोय.

बोर्ड बदलून घ्यायची वेळ आलीच तर बिलावर सीरियल नंबर हवा, कच्ची चिठ्ठी चालत नाही. एएम५ आणि एलजीएच्या पिना सॉकेटमध्ये असतात, एखादी वाकलेली दिसली की वॉरंटी सहसा नाकारतात. म्हणून प्रोसेसर लावण्याआधी सॉकेटचा जवळून फोटो काढा, आणि त्यावरचं प्लॅस्टिकचं झाकण बॉक्समध्ये जपून ठेवा. परत पाठवताना ते बसवूनच पाठवावं लागतं.