लघुवाद न्यायालयातील न्यायाधीशांच्या वर्तनाविषयी तक्रार करताना या चुका टाळा

लघुवाद न्यायालयात, म्हणजे भाड्याचे आणि लहान रकमांचे दिवाणी वाद चालवणाऱ्या न्यायालयात, निकाल विरुद्ध गेला की न्यायाधीश पक्षपाती होते असे गृहीत धरून थेट तक्रारअर्ज लिहायला बसणे, ही भाडेकरू-घरमालक वादांतील पक्षकारांची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. हुकूमनामा चुकीचा वाटत असेल तर उपाय अपिलाचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ३४ नुसार मुंबईत ते लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे आणि इतरत्र जिल्हा न्यायालयात, ३० दिवसांच्या आत दाखल करावे लागते. तक्रारीच्या नादात ही मुदत हातची जाते.

वर्तनाची तक्रार निराळी असते. एकाच बाजूच्या वकिलांना चेंबरमध्ये बोलावून प्रकरणावर बोलणे, पक्षकाराच्या जातीवर किंवा भाषेवर शेरा मारणे, युक्तिवाद संपूनही निकाल महिनोन्महिने राखून ठेवणे, या गोष्टी तिच्यात येतात.

परंतु पुराव्याविना यांतले काहीही टिकत नाही, आणि पुराव्याची सुरुवात रोजनाम्यापासून, म्हणजे प्रत्येक तारखेला कामकाजात काय झाले याच्या न्यायालयीन नोंदीपासून होते. माझ्याच एका दाव्यात मी सकाळी अकरापासून शेवटच्या बाकावर बसून होतो, तरी रोजनाम्यात ‘वादी गैरहजर’ अशी नोंद झाली आणि ती माझ्या लक्षात आली तेव्हा पुढच्या तीन तारखा उलटून गेल्या होत्या. म्हणून प्रत्येक तारखेनंतर रोजनामा वाचावा, चूक दिसताच दुरुस्तीचा लेखी अर्ज द्यावा आणि प्रमाणित नक्कल मागून ठेवावी. मोबाइलवर चोरून रेकॉर्डिंग करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा; त्याऐवजी वहीत तारीख, वेळ, उच्चारलेले नेमके शब्द आणि तेथे कोण हजर होते हे त्याच दिवशी टिपून ठेवावे.

अवमानाच्या भीतीने गप्प बसणेही चूकच आहे, कारण न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम ६ नुसार कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशांविषयी उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेली तक्रार अवमान ठरत नाही. व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या मजकुराला हे संरक्षण नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार कनिष्ठ न्यायालयांवर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. तेथे निनावी पत्र न पाठवता शपथपत्र आणि पडताळता येतील अशी कागदपत्रे जोडूनच अर्ज द्यावा.

तक्रार दिल्याने दावा आपोआप दुसऱ्या न्यायाधीशांकडे जात नाही. त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि त्यावर आदेश होईपर्यंत त्याच न्यायाधीशांपुढे प्रत्येक तारखेला हजर राहावे लागते.