भूल विभागात नर्स म्हणून उभं राहायचं असेल तर

नर्स अनेस्थेटिस्ट, म्हणजे स्वतः भूल देणारी नर्स, हे पद अमेरिकेसारख्या देशांतलं. आपल्याकडे भूल देतो तो भूलतज्ज्ञ डॉक्टर. नर्सला स्वतःच्या जबाबदारीवर भूल देता येत नाही. ‘सहा महिन्यांचा कोर्स करा, भूल द्यायला लागाल’ असं सांगून कुणी फी मागितली, तर तिथून उठून या.

बारावीनंतर दोन वाटा फुटतात. यंत्रांची आवड असेल तर आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा भूलतंत्रज्ञाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम आहे. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, काम भरपूर मिळतं, पण त्यातून नर्सिंगची नोंदणी होत नाही. मनात अमेरिका असेल तर चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंगच घ्या: बारावीला पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) आणि इंग्रजी, शिवाय राज्याची सीईटी. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झाला असेल तर पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी पूर्ण करा, कारण तिकडच्या कॉलेजांना पदवी लागते.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली की नोकरी आयसीयूतच मागा. सोलापुरात सिव्हिल आहे, मोठी खासगी रुग्णालयंही आहेत. व्हेंटिलेटर, आर्टेरियल लाइन (धमनीतली नळी, रक्तदाब सतत दाखवणारी) आणि इन्फ्युजन पंप (औषध ठरल्या वेगानं सोडणारा) रोज हाताखाली असले पाहिजेत. पंपाचा हिशोब तोंडी यावा. ४ मिलिग्रॅम नॉरअॅड्रेनलिन, म्हणजे रक्तदाब वाढवणारं औषध, ५० मिलीत घातलं की एका मिलीत ८० मायक्रोग्रॅम होतं. ६० किलोच्या पेशंटला दर किलोला मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचं, म्हणजे तासाला ३६० मायक्रोग्रॅम, म्हणून पंपावर ४.५ मिली. इथे दशांश चिन्ह सरकलं की दहापट डोस जातो. म्हणून हिशोब दुसऱ्या सिस्टरला मोठ्यानं वाचून दाखवा.

ओटीत सकाळी पहिली केस यायच्या आधी अँब्यू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी आहे ना ते बघा; मशीन बंद पडलं तर श्वास तीच देते. मग ऑक्सिजनच्या पाइपलाइनचा दाब, साधारण ४ बार. काळ्या अंगाचा, पांढऱ्या खांद्याचा राखीव ऑक्सिजन सिलिंडर उघडा, काटा बघा आणि परत बंद करा. तो उघडा राहिला तर पाइपलाइनचा दाब उतरताच गुपचूप रिकामा होतो आणि खऱ्या अडचणीत हाती काही उरत नाही. सोडालाइम म्हणजे मशीनमधले कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे; ते संपत आले की रंग बदलतो. तो रंग केस संपतानाच बघा. रात्रभर पडून राहिलं की वापरलेलं सोडालाइमसुद्धा पुन्हा पांढरं दिसतं आणि फसवतं. सक्शन चालू करून बघा, लॅरिंगोस्कोपचा (घशात बघायच्या उपकरणाचा) दिवा लावून बघा. लागेल ती श्वासनलिकेत घालायची ट्यूब आणि तिच्यापेक्षा अर्ध्या नंबरनं लहान, दोन्हींच्या टोकाचा फुगा (कफ) फुगवून तपासून ठेवा.

पेशंटशी बोलणं हे या कामाचं अर्धं अंग. ‘सकाळपासून काही खाल्लं का?’ विचारलं की ‘काही नाही, फक्त चहा’ असं उत्तर हमखास येतं. दुधाच्या चहाला सहा तास धरावे लागतात, साध्या पाण्याला दोन. पोटात काही असलं तर भुलेत ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं, म्हणून ‘चहा?’ हा प्रश्न वेगळा विचारा. हलणारा दात, कवळी, तंबाखू आणि मिश्रीसुद्धा विचारा. सोलापुरात हेच प्रश्न तेलुगू आणि कन्नडमध्येही विचारता आले पाहिजेत. मान हलवली म्हणजे पेशंटला कळलं असं धरून चालू नका.

अमेरिकेसाठी आधी एनसीएलईएक्स-आरएन, म्हणजे तिथल्या नर्सच्या परवान्याची परीक्षा. ती हैदराबादला किंवा मुंबईला देता येते. इथे बहुतेकांची फसगत होते ती अनुभवात. तिथल्या भुलेच्या अभ्यासक्रमाला आयसीयूचं किमान एक वर्ष लागतं आणि ते अमेरिकेतल्या नोकरीचंच धरतात. सोलापुरातली आयसीयूची वर्षं तिथली नोकरी मिळवायला आणि टिकवायला कामी येतात, प्रवेशाच्या अटीत मोजली जात नाहीत. २०२२ पासून प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेट सक्तीची आहे: किमान ३६ महिने, ६०० केसेस, २००० क्लिनिकल तास. भारतीयांच्या ग्रीन कार्डची रांग कित्येक वर्षांची असते, तीही हिशोबात धरा.

एक काम मात्र कॉलेजात असतानाच उरका. अमेरिकेच्या अर्जासाठी ट्रान्स्क्रिप्टवर (कॉलेजच्या अभ्यासाच्या अधिकृत नोंदपत्रावर) प्रत्येक विषयाचे थिअरीचे आणि प्रात्यक्षिकाचे तास वेगवेगळे लिहून घ्या. दहा वर्षांनी ती जुनी रजिस्टरं शोधून देणारं ऑफिसात कुणी भेटत नाही.