रॅममध्येच प्रोसेसर : पहिला प्रोग्रॅम लिहिताना या चुका टाळा

चिप-संशोधक मार्क होरोविट्झ यांनी २०१४ साली मांडलेला ऊर्जेचा हिशोब बघा. ४५ नॅनोमीटरच्या चिपवर दोन ३२ बिटी पूर्णांकांची बेरीज : सुमारे ०.१ पिकोज्यूल. तेवढाच आकडा बाहेरच्या डीरॅममधून, म्हणजे संगणकाच्या मुख्य मेमरीतून आणायचा : सुमारे ६४० पिकोज्यूल. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. मग गणितच रॅमपाशी का नेऊ नये? फ्रान्सच्या यूपीमेम कंपनीने डीडीआर४ मोड्यूलवर, म्हणजे रॅमच्या पट्टीवर तेच केलं : दर ६४ एमबीमागे एक छोटा प्रोसेसर, म्हणजे डीपीयू.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे दर फेरीला डेटा डीपीयूकडे पाठवायचा आणि उत्तर परत आणायचं. अहो, ज्या वाहतुकीला टाळायला एवढा खटाटोप केला, तीच पुन्हा सुरू! डेटा एकदाच भरा, त्यावर शंभर प्रश्न विचारा. वेग कमी वाटला तर भरणं, चालवणं आणि परत आणणं यांचे वेळ वेगवेगळे मोजा. चोर बहुतेक वेळा पहिल्या किंवा तिसऱ्यात सापडतो.

मोजमापात 'चालवणं'च रेंगाळत असेल, तर टास्कलेट, म्हणजे डीपीयूवर एकत्र चालणारे थ्रेड, किती लावलेत ते बघा. डीपीयूत एकाच थ्रेडच्या दोन सूचनांमध्ये किमान ११ सायकल (घड्याळाचे ठोके) जातात. एकटाच टास्कलेट चालवला की उरलेल्या दहा सायकल डीपीयू नुसता बसून. म्हणून निदान ११ हवेत. सोय २४ ची आहे. मात्र ६४ केबीची कामाची जागा सगळ्यांत वाटली जाते, त्यामुळे प्रत्येकाला ऐसपैस बफर देऊ नका.

उत्तरंच चुकतायत? ६४ एमबीच्या मेमरीतून कामाच्या जागेत वाचन आठ बाइटच्या पाढ्यात लागतं, पत्ताही आणि लांबीही. तुमची नोंद १२ बाइटची असेल, तर दुसरी नोंद १२ व्या बाइटला सुरू होते आणि गाडं तिथेच अडतं. नोंद १६ ची करा. चार बाइट वाया जातात, जाऊ द्या.

फ्लोटचे, म्हणजे दशांश संख्यांचे गुणाकार इथे सॉफ्टवेअरने ओढूनताणून होतात, तेव्हा न्यूरल नेटवर्क जसंच्या तसं आणून टाकू नका. शोध, गाळणी, मोजणी अशी कामं द्या. यावरून सगळ्याच अशा मेमरींना एका माळेत ओवू नका. सॅमसंगच्या २०२१ च्या एचबीएम-पीआयएम या गणित करणाऱ्या मेमरीत उलट १६ बिटी फ्लोटचीच सोय आहे.

आणि डीपीयू एकमेकांशी बोलत नाहीत, सगळा निरोप सीपीयूमार्फत. शिवाय सगळ्यांचं काम उरकेपर्यंत थांबायचं असेल, तर एकावर जास्त भार पडला की बाकीचे ताटकळतात. तेव्हा वाटणी ओळींच्या संख्येवर नको, कामाच्या अंदाजावर करा.