दुसरी शिफ्ट सुरू करण्याआधी

रबाळे एमआयडीसीत आमचा मशीनिंगचा, म्हणजे मशीनवर धातूचे भाग कापून घडवण्याचा, धंदा आहे. मी आणि माझा दीर, दोघांनी भाड्याच्या गाळ्यात दोन सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर सुरुवात केली तेव्हा आम्ही धरून ६ माणसं होतो. आज दोन गाळे आहेत आणि ३४ माणसं. या वाढीत आमच्या हातून काय निसटलं आणि ते परत कसं बांधलं, ते सांगते.

६ माणसांत रीत सांगावी लागत नाही. जॉब, म्हणजे मशीनवरचा पीस, बिघडला की ऑपरेटर तो हातात घेऊन यायचा. तिथेच उभं राहून ड्रॉइंग बघायचं, ऑफसेट (मशीनमध्ये भरलेला मापाचा फरक) तपासायचा, पुढचा पीस लावायचा. कोणी आवाज चढवत नसे, कोणाचा पगार कापला जात नसे. हे ठरवून झालं नव्हतं, सगळे एकमेकांच्या डोळ्यांसमोर होतो म्हणून झालं. रात्रपाळी सुरू होते त्या दिवशी मालक डोळ्यांसमोरून जातो.

आम्ही रात्रपाळीला बाहेरून अनुभवी सुपरवायझर आणला. तिसऱ्या महिन्यात २४० बुशांचा (मधे भोक असलेल्या नळकांड्यांचा) अख्खा लॉट परत आला. भोक २५ एच७, म्हणजे २५ मिलिमीटरच्या वर फार तर २१ मायक्रॉन (०.०२१ मिलिमीटर). ऑपरेटरने वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे टूल झिजतं त्याच्या भरपाईत, ०.००५ ऐवजी ०.०५ मिलिमीटर टाकलं होतं. चाळीसेक पीस झाल्यावर प्लग गेजची (भोक तपासायच्या मापाची) नो-गो बाजू, जी आत जायलाच नको, ती सरळ आत गेली आणि त्याला चूक कळली. पण आदल्याच आठवड्यात एक जॉब बिघडला म्हणून सुपरवायझरने दुसऱ्या एका पोराचा दिवसाचा पगार कापला होता. याने ऑफसेट दुरुस्त केला, बिघडलेले पीस चांगल्या मालात मिसळले आणि गप्प बसला.

चूक माझी होती. आपल्याकडे पगार कापत नाहीत, हे मी त्या सुपरवायझरला सांगितलंच नव्हतं. नुकसानीपोटी वेतन कापायचं तर कामगाराला आधी आपली बाजू मांडू द्यावी लागते, हा कायदाही आहे.

म्हणून पहिलं काम हे करा. माणसं वाढवण्याआधी एका संध्याकाळी जुन्या माणसांना बसवा आणि विचारा, आपल्याकडे काय चालत नाही? ते बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. 'गुणवत्ता', 'सचोटी' असे शब्द भिंतीवर रंगवले तरी रात्री दोन वाजता मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाला नेमकं काय करायचं ते कळत नाही. आमच्या यादीत चार ओळी आल्या. बिघडलेला जॉब ज्याचा त्याने लाल ट्रेमध्ये ठेवायचा, कारणाची चिठ्ठी लावून. त्यावर त्या शिफ्टमध्ये कोणी बोलायचं नाही, सकाळी दहा मिनिटं उभ्याने बोलायचं. हेल्परला शिवी द्यायची नाही. पगार ७ तारखेच्या आत. हा कागद मराठीत आणि हिंदीतही लावा. आमची अर्धी पोरं उत्तर प्रदेश-बिहारची आहेत.

मग ती रीत रात्रीपर्यंत पोहोचवायला माणूस पाठवा, आणि तो जुनाच पाठवा. आमच्या सगळ्यांत जुन्या सेटरना, म्हणजे मशीनवर काम लावून देणाऱ्यांना, सगळे काका म्हणतात. मी त्यांच्याकडे सहा महिन्यांची रात्रपाळी मागितली. पगार वाढवला, पण तेवढ्याने भागलं नसतं. घणसोलीला त्यांच्या घरी जाऊन काकूंशी बोलले, कारण रात्रीची झोप मोडणार होती ती दोघांची. दिवसपाळीचं उत्पादन काही आठवडे घसरलं. ती किंमत धरूनच ठरवा.

नवा माणूस घेताना मी एकच प्रश्न नीट विचारते, शेवटचा जॉब कधी बिघडला आणि मग काय केलंत? "माझ्या हातून कधीच नाही" म्हणणाऱ्याला मी घेत नाही, हात कितीही साफ असो.

पगाराच्या ओळीचीही परीक्षा होते. एका गिऱ्हाइकाकडे आमचे पैसे अडकले होते. ३ तारखेलाच सगळ्यांना जमवून खरं ते सांगितलं. सोनं गहाण ठेवून सगळ्यांचे पगार ७ तारखेला केले, आम्ही दोघांनी त्या महिन्यात काही घेतलं नाही. ७ तारीख उलटून गेल्यावर दिलेलं कारण कोणी ऐकत नाही, आणि मग बाकीच्या तीन ओळीही कोणी मानत नाही.

सुट्ट्यांचा फळा जूनमध्येच लावा. गौरी-गणपतीला कोकणातली माणसं गावी जातात, छठला बिहारची. आम्ही जोड्या लावून दिल्यात: एक गेला की दुसरा त्याचं मशीन सांभाळतो. त्यासाठी आधी ते मशीन शिकावं लागतं, आणि शिकवताना ओळख होते. दसऱ्याला मशीनची पूजा त्या वर्षी आलेल्या सगळ्यांत नव्या माणसाच्या हातून होते.

माणसं १० झाली की २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती नेमावी लागते. ती कागदावर ठेवू नका. आमच्या इन्स्पेक्शनमध्ये तीन मुली आहेत, समितीत कोण आहे आणि कोणाला फोन करायचा, हे त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं जातं.

सगळ्यांत जड गेला तो एका ऑपरेटरला काढण्याचा निर्णय. व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर) त्याच्याइतका वेग कोणाचाच नव्हता, पण हेल्परवर हात उगारायचा. दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा हिशोब केला. दोन महिने ऑर्डरी उशिरा गेल्या. अशा वेळी थांबलात तर तुमचा कागद खोटा आहे हे सगळ्या गाळ्याला कळतं.

लाल ट्रेकडे मी रोज बघते. तीत तीन-चार जॉब असतील तर मला झोप लागते. सलग आठ दिवस रात्रपाळीची ट्रे रिकामी राहिली, की मी रात्री दहाला गाळ्यावर जाते, सगळ्यांबरोबर चहा घेते आणि बुरादा टाकायच्या पिंपात हात घालून बघते.