‘पुढे तपासतातच की’ म्हणून रक्तदानात होणाऱ्या चुका टाळा

गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी गावी आले की सिंधुदुर्गात रक्तदान शिबिरांचा हंगाम सुरू होतो. मंडळांचा उत्साह खरा असतो. पावसाळ्यात रक्तपेढीतला साठा तळाला जातो तेव्हा हीच मुलं कामी येतात. मी रक्तपेढीत समुपदेशनाचं काम करते आणि माझा राग या मुलांवर नाही. तो फॉर्म भरताना ऐकू येणाऱ्या एका वाक्यावर आहे: “टाक ‘नाही’ म्हणून, पुढे तपासतातच की.” मी पाहिलेल्या बहुतेक चुकांचं मूळ याच वाक्यात आहे.

एकाने बसून सगळ्यांचे फॉर्म भरणं

मंडपात एक हुशार मुलगा गठ्ठा घेऊन बसतो. नाव, वय, मोबाईल लिहितो आणि खालच्या सगळ्या प्रश्नांवर सरळ ‘नाही’ची रांग ओढतो. कावीळ झाली होती का, गोंदवून घेतलंय का, दात काढलाय का, नवीन लैंगिक संबंध आलाय का, या प्रश्नांची उत्तरं दुसऱ्याने द्यायची नसतात. लोक म्हणतात, मॅडम, रांग लांबते. लांबू दे. घाई असलेल्याने त्या दिवशी रक्त न दिलेलंच बरं.

कायद्याने प्रत्येक पिशवीची पाच आजारांसाठी चाचणी होते: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी (या दोन्ही विषाणूंनी होणाऱ्या काविळी), सिफिलिस आणि मलेरिया. पण विषाणू शरीरात शिरला की दुसऱ्या दिवशी चाचणीत दिसत नाही. मधल्या काळाला आम्ही विंडो पिरियड म्हणतो. एचआयव्हीची प्रतिपिंडं (शरीर विषाणूविरुद्ध बनवतं ती प्रथिनं) चाचणीत दिसायला साधारण तीन आठवडे लागतात, हिपॅटायटिस बीचा अँटिजेन (विषाणूचाच अंश) दिसायला महिन्याहून जास्त आणि सीची प्रतिपिंडं दिसायला दोन महिन्यांच्या आसपास. या काळात माणूस ठणठणीत असतो, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि रक्तात विषाणू असतो. त्या दिवसांत पेशंटला वाचवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे दात्याने दिलेलं खरं उत्तर.

कुडाळकडच्या एका शिबिरातला मुलगा माझ्या डोक्यातून जात नाही. भाद्रपदातल्या उकाड्यात फुल बाह्यांचा शर्ट, फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’. रक्तदाब घ्यायला बाही वर केली तर दंडावर ताजं टॅटू, खपली अजून निघालेली नव्हती. टॅटूनंतर बारा महिने रक्त देता येत नाही, एवढं सांगून त्याला परत पाठवता आलं असतं. पण त्याने हळूच विचारलं, “ताई, रिपोर्ट कधी गावतलो?” हा प्रश्न आला की मी हातातलं काम बाजूला ठेवते. त्याला देवळाच्या मागच्या पडवीत नेलं. कामाला गोव्यात होता. पंधरवड्यापूर्वी काय झालं ते त्याने खाली मान घालून सांगितलं. “माका भीती वाटता. म्हटलंय हय फुकट तपासतत, कोणाक कळूचा पण नाय.”

त्याचं रक्त घेतलं असतं तर पंधरवड्यात प्रतिपिंडं दिसली नसती. पिशवीचे तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट असे भाग झाले असते आणि तीन पेशंटांना गेले असते. त्याला मात्र आपण सुटलो असं वाटलं असतं. मी त्याला सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात पाठवलं. तिथे एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त होते, समुपदेशन मिळतं आणि पुन्हा केव्हा तपासायचं हेही सांगतात. मंडळाचे सेक्रेटरी कुरकुरले, आकडा कमी झाला म्हणून. फ्लेक्सवर आकडा छापायची ही हौस मला अजिबात मान्य नाही.

स्वतःची तपासणी करून घ्यायची असेल तर ती तपासणी केंद्रात करा, रक्तदान करून नव्हे. आणि माझी सवय सांगते: मी फॉर्म परत घेऊन प्रत्येकाला एकट्याला, पडद्याआड, तेच प्रश्न तोंडी विचारते. कागदावरचं ‘नाही’ आणि डोळ्यांतलं ‘नाही’ पुष्कळदा वेगळं असतं.

दाता नीट पारखून घेण्याला संशोधनाचाही आधार आहे. १९७०च्या सुमारास अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वे आल्टर आणि त्यांचे सहकारी रक्त घेतलेल्या हृदयरुग्णांवर लक्ष ठेवून होते. जवळजवळ तिघांतल्या एकाला हिपॅटायटिस, म्हणजे यकृताला सूज, होत होती. पैसे घेऊन रक्त देणारे बंद करून फक्त स्वेच्छेने देणारे ठेवले आणि हिपॅटायटिस बीची चाचणी लावली, तसं हे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर आलं. हिपॅटायटिस सीचा विषाणू तर १९८९मध्ये ओळखला गेला. म्हणजे नावही माहीत नसलेल्या विषाणूपासून मुख्यतः दात्याच्या निवडीने अनेक माणसं वाचली. आल्टर यांना २०२०चं नोबेल मिळालं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली आणि सीची चाचणी २००१मध्ये सक्तीची झाली.

‘घरच्याच माणसाचं द्या, ते सुरक्षित’

ही माझी दुसरी दुखरी नस. रात्री बाळंतिणीला रक्तस्राव सुरू होतो आणि ‘बदली डोनर आणा’, म्हणजे पिशवीच्या बदल्यात रक्त देणारा आणा, म्हणून नातेवाइकांना पळवलं जातं. अशाच एका रात्री बाईचा दीर आला. सोबत चार जण होते, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. कावीळ झाली होती का विचारलं तर त्याने आधी मोठ्या भावाकडे बघितलं, मग ‘नाही’ म्हणाला. मी बाकीच्यांना बाहेर चहाला पाठवलं. दार लागल्यावर तो बोलला: वर्षभरापूर्वी हिपॅटायटिस बी निघालंय, घरात कोणालाच ठाऊक नाही. चारचौघांत नकार दिला असता तर भित्रा ठरला असता, म्हणून तो खुर्चीवर बसायला तयार होता.

मी बाहेर येऊन इतकंच सांगितलं, “यांचं आज बसत नाही, साठ्यातली पिशवी देतोय.” कारण कधीच सांगत नाही, कितीही जवळचा माणूस विचारत असला तरी. नात्यामुळे रक्त सुरक्षित होत नाही, उलट नात्याचा दाब माणसाला खोटं बोलायला लावतो. म्हणूनच २००२च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने बदली रक्तदानाऐवजी स्वेच्छा रक्तदानावर भर दिला. शिवाय सख्ख्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी क्वचित पेशंटच्या शरीरावरच उलटतात. हे दुर्मीळ, पण बहुधा जीवघेणं असतं. ते टाळायला पिशवीवर किरणांचा मारा करावा लागतो आणि ती सोय सगळीकडे नसते.

आता बाकीच्या चुका, ज्यांच्यावर मी वाद घालत बसत नाही.

पावसाळ्यातला ताप लपवू नका. डेंग्यू आणि चिकनगुनियानंतर पूर्ण बरं झाल्यापासून सहा महिने थांबायचं, मलेरियानंतर तीन महिने. डेंग्यूची चाचणी त्या पाचात नाही, आणि रक्तातून डेंग्यू गेल्याच्या नोंदी हाँगकाँग आणि सिंगापूरमध्ये झालेल्या आहेत. दोडामार्ग, बांदा भागात काजूच्या बागेत काम करून ताप आला असेल तर तेही बोला. माकडताप हाही विषाणूचाच आजार, आणि तोही आम्ही पिशवीत तपासत नाही.

‘नॅट केलंय, मग काळजी नाही’ असं पुष्कळ डॉक्टरसुद्धा म्हणतात. नॅट म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य थेट शोधणारी चाचणी. तिने विंडो पिरियड आखडतो, सीचा आठवड्यावर, एचआयव्हीचा दीड आठवड्यावर, बीचा तीन आठवड्यांच्या आसपास. तो शून्य होत नाही. देशात नॅट सक्तीचीही नाही.

‘ताजं, गरम रक्त हवं’ हा हट्ट सोडा. तपासण्या पूर्ण व्हायला वेळ लागतो, आणि सिफिलिसचा जंतू तर फ्रिजमध्ये काही दिवसांत मरतो.

रक्त वाढावं म्हणून एक पिशवी चढवून घेणं ही तर चैन आहे. बाई चालतीफिरती असेल आणि लोहाच्या गोळ्यांनी भागत असेल तर गोळ्या द्या. न चढवलेल्या पिशवीतून काहीही लागत नाही.

रक्त देऊन घरी गेल्यावर ताप आला, किंवा लाजेने न सांगितलेलं काही आठवलं, तर लगेच फोन करा. पिशवी बाजूला काढता येते, तुम्हाला कोणी ओरडत नाही.

आणि रक्तपेढीतून ‘एकदा येऊन जा’ असा फोन आला तर नंबर ब्लॉक करू नका. पहिल्या चाचणीत रिॲक्टिव्ह (संशयास्पद) येणं म्हणजे आजार पक्का झाला असं नसतं, खात्रीची चाचणी पुढे असते. हिपॅटायटिस सी पक्का झाला तरी सरकारी कार्यक्रमात औषध मोफत मिळतं आणि बहुतेकांचा तो १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. एकटेच या, रिपोर्ट आम्ही फोनवर सांगत नाही आणि घरच्यांच्या हातात देत नाही.